आतड्याच्या ऑपरेशननंतरचे पाच दिवस : नाशिकमधलं एक प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांच्या, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातल्या. त्यांना इथे काकू म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

निदान होतं मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूच्या कर्करोगाचं. या बाजूच्या गाठी बराच काळ गप्प राहतात. इथे आतड्याची वाट रुंद असते आणि मळ पातळ, त्यामुळे काही अडत नाही. थोडं थोडं रक्त मात्र झिरपत राहतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. काकूंना वर्षभर थकवा होता, बांधावरून चालताना धाप लागायची, आणि घरात सगळे म्हणायचे की वयच झालंय आता. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन न थांबता त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी नाशिकला पाठवलं. या सगळ्या प्रकरणात त्यांचा वाटा मला फार मोठा वाटतो.

सीटी स्कॅनमध्ये आजार यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला नव्हता. ठरलं ते असं : मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढायचा आणि लहान आतडं उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडायचं, शक्यतो दुर्बिणीतून. सोबत मधुमेह होता, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.६ टक्के. सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरून ५१.४ वर आलेलं. सकाळ-संध्याकाळ मिश्री. घर माळकरी, म्हणजे अंडं-मांस नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रिया आमच्या सर्जनने उत्तम केली, पण हे लिहिण्याचं कारण ती नाही. ऑपरेशननंतर रुग्ण लवकर आणि नीट उभा राहावा म्हणून आखलेली योजना दुसऱ्या रात्री एका ठिकाणी सुटली. ती कुठे आणि कशी सुटली, हे पोटाच्या ऑपरेशनला सामोऱ्या जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आणि वॉर्डातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

योजना कुठून आली

कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न लावून धरला : ऑपरेशन व्यवस्थित झालेला रुग्ण आज घरी का जाऊ शकत नाही? उत्तरं नेहमीचीच होती. दुखतंय, मळमळतंय, पोट फुगलंय, अंगात त्राण नाही, नळ्या लागल्यात. यातल्या बऱ्याच गोष्टी आजारामुळे नसून आपल्या पद्धतींमुळे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं आणि १९९९ मध्ये पोट उघडून केलेल्या आतड्याच्या ऑपरेशननंतरही रुग्ण दोन दिवसांत घरी जाऊ शकतात हे दाखवलं. २००१ मध्ये युरोपातल्या काही सर्जननी एकत्र येऊन यावर काम सुरू केलं, २०१० मध्ये त्याची संस्था झाली. डॉक्टर मंडळी या पद्धतीला ‘इरास’ म्हणतात.

त्यात चमत्काराचं एकही औषध नाही. वीसेक छोट्या गोष्टी आहेत आणि त्यांतली कुठलीही एकटी फारसं काही करत नाही. सगळ्या मिळून केल्या तर फरक पडतो. आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण वीस गोष्टी वीस जणांच्या हातात असतात.

आधीचे तीन आठवडे

आम्ही तीन आठवडे मागितले तेव्हा काकूंचा मुलगा चिडला. कर्करोगाची गाठ आहे म्हणता आणि वर थांबा म्हणता? त्याचा राग रास्तच होता. त्याला समजावलं ते असं : ही गाठ तिथे बऱ्याच काळापासून आहे, तीन आठवड्यांत तिच्यात फारसा फरक पडणार नाही, पण ८.२ हिमोग्लोबिन आणि उतरलेलं वजन घेऊन ऑपरेशनला गेलं तर जोड भरून यायला, जखम सुकायला, छाती साफ राहायला सगळीकडेच कमी पडेल. (आतडं अडलं असतं किंवा रक्तस्राव जोरात असता, तर थांबण्याचा प्रश्नच नव्हता.) थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “म्हणजे द्राक्षाच्या गोडी छाटणीआधी काडीत अन्नसाठा करून घेतो तसंच ना, मॅडम.” पुढे प्रत्येक नातेवाईकाला त्याने याच शब्दांत सांगितलं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं.

लोह शिरेतून दिलं, आधी १००० मिलिग्रॅम आणि आठवड्याने ५००. कर्करोगात शरीरात सूज असते, तेव्हा पोटातून लोह नीट शोषलं जात नाही आणि गोळ्यांनी पोट बिघडतं ते वेगळंच. रक्त चढवलं असतं तर आकडा एका दिवसात वर आला असता. पण कर्करोगाच्या ऑपरेशनच्या आसपास रक्त शक्य तेवढं टाळावं असं आज मानलं जातं, आणि हाताशी वेळ होता. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झालं.

प्रथिनांचं गणित सूनबाईंनी हातात घेतलं. काकूंच्या वजनाला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवी होती. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे एक-दीड भाकरी, वरणाचं वरचं पाणी आणि चहा. त्यात याच्या निम्मीही भरत नव्हती. अंडं नाही म्हटल्यावर आहारतज्ज्ञ बऱ्याचदा थेट पावडरच्या डब्याकडे वळतात. इथे आधी घरातलंच वाढवलं : मोड आलेली मटकी, हुलग्याचं कढण, दाण्याची चटणी, पनीर, दोन्ही वेळा ताक, भाकरीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ. पावडर फक्त रात्रीच्या दुधात.

मिश्री सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, असं तंबाखूची सवय असलेल्या कितीतरी बायका सांगतात आणि त्यात तथ्य आहे. निकोटीनने आतड्याला चालना मिळते. “सोडा” एवढं सांगून भागत नाही. इसबगोल, सकाळी कोमट पाणी आणि पहिल्या आठवड्यात रोज एक फोन, यावर ते निभावलं. फोन आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर करायच्या. त्यांची आई मिश्री लावायची, त्यामुळे काय बोलायचं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

याच भेटींत मळमळीचा अंदाज बांधला. ऑपरेशननंतर उलटी कोणाला होईल हे बरंचसं आधी सांगता येतं. चार गोष्टी बघायच्या : रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान करत नाही का, गाडी लागते का किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, आणि ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का. तीन असल्या तर शक्यता साधारण ६० टक्के, चारही असल्या तर ८० टक्के. काकू स्त्री, विडी-सिगारेट कधी नाही, आणि कसारा घाटात एसटीत उलटी झाल्याशिवाय मुंबईला पोचल्या नाहीत. तीन तिथेच भरल्या. चौथी आमच्या हातात होती. म्हणून योजनेत ठळक लिहिलं : ट्रॅमाडॉल, मॉर्फिन शक्यतो नको. हे वाक्य लक्षात असू द्या.

ऑपरेशनचा दिवस

डिसेंबरातला सोमवार. काकूंचा नंबर यादीत दुसरा, अकराच्या सुमाराला. “रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही” हा नियम आपल्याकडे इतका मुरलाय की नातेवाईकच राखणदार होतात. त्याचं मूळ जुनं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतले डॉ. मेंडेलसन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांच्या श्वासनलिकेत पोटातलं अन्न आणि आम्ल गेल्याच्या घटना मांडल्या आणि उपाशी ठेवण्याची प्रथा घट्ट झाली. पण पाणी पोटात अन्नासारखं थांबत नाही, लवकर पुढे सरकतं. आजचा नियम आहे घट्ट अन्न सहा तास आधी बंद, पाण्यासारखे पातळ पदार्थ दोन तास आधी बंद. काकूंनी रात्री खिचडी खाल्ली आणि सकाळी नऊपर्यंत पाणी आणि कोरा, बिनसाखरेचा चहा घेतला. ऑपरेशनपूर्वी साखरेचं गोड पेय देण्याची पद्धत इरासमध्ये आहे. मधुमेहात तिच्याबद्दल एकमत नाही, म्हणून ती आम्ही सोडली. तोंड सुकलेली, डोकं चढलेली, घाबरलेली बाई आणि सकाळी चहा घेतलेली बाई, यांना भूल देतानाच फरक कळतो.

आतडं धुऊन काढायचं औषध दिलं नाही. उजव्या बाजूच्या ऑपरेशनला त्याची गरज नसते. पोटावरचे केस वस्तऱ्याने काढले नाहीत, लागतील तेवढेच कापले, कारण वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून जंतुसंसर्ग होतो. चीर देण्याआधीच्या तासाभरात प्रतिजैविक. मळमळीवर दोन औषधं. त्यातलं एक साखर वाढवतं, म्हणून दर तासाला साखर बघितली.

अंगातली ऊब हा माझ्या कळकळीचा विषय. भुलीखाली शरीर स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाही, आणि ते ३६ अंशांखाली गेलं की रक्त गोठणं मंदावतं, जखमेत संसर्गाचा धोका वाढतो, भुलीतून उठताना हुडहुडी भरते. थंडीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी दरवर्षी पेपरात असते. त्याच हवेत आमचे रुग्ण पातळ गाऊन घालून थिएटरबाहेर बाकावर बसलेले असतात. काकूंना वॉर्डातूनच दोन ब्लँकेटांत आणलं आणि आत गरम हवेची चादर टाकली.

ऑपरेशन तीन तासांत, दुर्बिणीतून झालं. भाग बाहेर काढायला बेंबीजवळ छोटी चीर. सोनोग्राफीत बघून पोटाच्या दोन्ही बाजूंच्या नसांभोवती बधिरतेचं औषध सोडलं. नाकातली नळी नाही, पोटात ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी, नाही. सलाईन मोजून. संध्याकाळी काकू घोट घोट पाणी प्यायल्या आणि रात्री आठला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या. थोरल्या नणंदबाई भेटायला आल्या होत्या, त्या हादरल्याच. “टाके तुटतील ना गं!” पोटाचे टाके बसण्याने तुटत नाहीत हे त्यांना सिस्टरनी शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगितलं.

मंगळवारी सकाळी लघवीची नळी काढली. वजन ५२.९, म्हणजे दीड किलो जास्त. हे सगळं अंगात साठलेलं पाणी. ऑपरेशननंतर रोज वजन करावं असा माझा आग्रह असतो, कारण सलाईन जास्त झालं हे सगळ्यांत आधी वजनकाटा सांगतो. जास्तीच्या पाण्या-मिठाने आतड्यालाही सूज येते आणि ते हलेनासं होतं. २००२ मध्ये लोबो आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या ऑपरेशनच्या २० रुग्णांवर हे मोजून दाखवलं होतं : पाणी-मीठ बेतानं दिलेल्यांचं पोट लवकर हलायला लागलं. दुपारी मऊ खिचडी, सलाईन बंद. कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या. श्वास आत ओढून तीन बॉल उचलायच्या यंत्राचा काकूंना कंटाळा, पण संध्याकाळचा हरिपाठ चुकवायचा नव्हता. सिस्टर म्हणाल्या, मग चालत म्हणा, मोठ्याने म्हणा. छातीच्या व्यायामाला याहून चांगलं मला काही सुचलं नसतं.

मंगळवारची रात्र

बुधवारी सकाळी राऊंडला गेले तेव्हा काकू पांढऱ्या पडलेल्या. पहाटेपासून दोन उलट्या, पोट ढोलासारखं ताणलेलं, वारा सरलेला नाही. वजन ५४.३. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी नाकातली नळी मागवून ठेवलेली आणि “एनबीएम”, म्हणजे तोंडाने काही नाही, असं लिहिलेलं.

आधी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : जोड गळतोय का? आतड्याच्या ऑपरेशननंतर उलटी आणि फुगलेलं पोट दिसलं की ही शंका घ्यायलाच हवी आणि ती झटकून टाकता येत नाही. नाडी ८८, ताप नाही, रक्तदाब ठीक, लघवी भरपूर. पोट फुगलेलं पण मऊ, दाबल्यावर दुखणं चिरेपुरतंच. गळतीची नाडी सहसा अशी शांत नसते. रक्तात पोटॅशियम ३.१, सोडियम १३१, दोन्ही कमी. पोटॅशियम उतरलं की आतड्याचे स्नायू सुस्तावतात.

सर्जन आणि मी पलंगाशेजारी उभं राहून ठरवलं. नळी लगेच घालायची नाही, पण आणखी एक मोठी उलटी झाली तर एक मिनिटही न थांबता घालायची. फुगलेल्या पोटाची उलटी छातीत जाणं हा खरा धोका आहे आणि तिथे योजनेचा हट्ट चालत नाही. खाणं बंद, पण घोट घोट पाणी चालू. सलाईन बंद, शिरेतून फक्त पोटॅशियम. अफूच्या जातीचं काहीही नाही. पोटाच्या नसांना पुन्हा बधिरतेचं औषध. चालणं चालूच, फेऱ्या छोट्या करून. गुरुवारी सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, बघायचं. तिसऱ्या दिवशी ते १५० च्या वर असेल तर सीटी.

मग मी नर्सिंगचे कागद घेऊन बसले.

झालं होतं ते असं. योजनेत पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखो न दुखो, असं होतं. संध्याकाळी पाळी बदलताना औषधं नव्या पानावर उतरवली गेली आणि पॅरासिटामॉलपुढे “एसओएस” लागलं, म्हणजे गरज लागली तर. रात्री दहाचा डोस आला तेव्हा काकू झोपल्या होत्या. झोपलेल्या आजारी बाईला कोण उठवेल? रात्रीच्या सिस्टरनी उठवलं नाही, आणि त्यात त्यांची मायाच होती. सोमवारी दिलेली बधिरता एव्हाना उतरली होती. एक वाजता काकू कळवळून उठल्या. छापील ऑर्डरच्या कागदावर, प्रत्येक पोटाच्या ऑपरेशनसाठी असतं तसं, दुखल्यास ट्रॅमाडॉल १०० मिलिग्रॅम होतं. ते दिलं गेलं. मळमळीचा चौथा मुद्दा असा भरला. त्यानंतर “आजीबाई काही खात-पीत नाहीत” म्हणून त्याच छापील कागदाप्रमाणे सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. त्या खात-पीत नव्हत्या कारण रात्र होती.

यात एकाही माणसाने बेफिकिरी केलेली नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ड्यूटी डॉक्टरांनी कागद वाचला, सिस्टरनी कागद पाळला. दिवसा वॉर्डात योजना जाणणारी माणसं होती, रात्री तिथे फक्त जुना कागद होता. तीन आठवड्यांचं लोह, कढण, सुटलेली मिश्री, गरम चादर हे सगळं तीन अक्षरांच्या गफलतीने आणि एका छापील ओळीने मागे खेचलं.

आणखी एक गोष्ट सूनबाईंशी बोलताना कळली, त्या गोष्टीने मला जास्त अस्वस्थ केलं. आम्ही त्यांना वेळापत्रकाचा मराठी कागद दिला होता. रात्री दहाला त्यांनी विचारलंही होतं की आईंचं औषध राहिलंय का. “झोपू द्या त्यांना” असं उत्तर मिळालं आणि त्या गप्प बसल्या. “परत कसं विचारणार, मॅडम? त्यांना जास्त कळतं.” त्या रात्री वॉर्डात योजना माहीत असलेली एकमेव व्यक्ती त्या होत्या, आणि दुसऱ्यांदा विचारायचा अधिकार आहे हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

गुरुवार ते शनिवार

बुधवारी दुपारी मळमळ ओसरली. तिसरी उलटी झाली नाही. गुरुवारी पहाटे वारा सरला. सीआरपी ९६, पोटॅशियम ३.८, वजन उतरणीला.

गुरुवारी मार्गशीर्षातली एकादशी. ही तारीख आधीच माहीत होती आणि काकू उपवास मोडणार नाहीत हेही. आजारपणात सूट असते, असं त्यांना सांगून बघता आलं असतं. पण खाणं चालू ठेवायला ज्यांची मर्जी हवी त्यांच्याशी वाद घालून काय साधणार? दूध, ताक, राजगिऱ्याची पेज, दह्यात कुस्करलेलं थोडं केळं, सगळं उपवासाला चालतं आणि तिसऱ्या दिवशीच्या आतड्यालाही. साबुदाणा आणि तळलेलं तेवढं वगळलं. शुक्रवारी सकाळी शौचाला झाली, दुपारी मुगाचं वरण-भात. (भाताने टाके पिकतात ही समजूत नणंदबाईंची होती. टाके जंतूंनी पिकतात, भाताने नाही.) शनिवारी काकू घरी गेल्या.

मंगळवारची रात्र सरळ गेली असती तर कदाचित शुक्रवारीच गेल्या असत्या. पण एका दिवसाच्या बेडचार्जेसपेक्षा मला त्या दोन उलट्यांची किंमत जास्त वाटते. पोटावर चीर असताना उलटी होणं काय असतं, ते ज्याने सोसलंय त्यालाच माहीत.

घरी पाठवताना आम्ही दिवस मोजत नाही, चार गोष्टी बघतो : जेवण पोटात टिकतंय, गोळ्यांवर दुखणं आवरतंय, स्वतःच्या पायांनी संडासला जाता येतंय, ताप-नाडी ठीक आहे. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ ठेवायचं रोजचं इंजेक्शन ऑपरेशनपासून २८ दिवसांपर्यंत. ते पोटाच्या चरबीत द्यायला सूनबाई शिकल्या. घरी काय दिसलं तर लगेच फोन करायचा, तेही त्यांनाच सांगितलं : थंडी वाजून ताप, पुन्हा पुन्हा उलटी, कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं, छातीत धडधड, पोटरीला एकाच पायाची सूज. हे रात्री दोनला दिसलं तर रात्री दोनलाच फोन करायचा. जोड गळायचाच असेल तर बऱ्याचदा तो घरी गेल्यावरही गळू शकतो, आणि लवकर घरी पाठवणाऱ्यांनी हा फोन उचलण्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. ती घेणार नसाल तर रुग्णाला लवकर घरी पाठवू नका.

पेशींच्या तपासणीत १७ पैकी २ लसिकाग्रंथींत कर्करोग निघाला. म्हणजे तिसरा टप्पा, केमोथेरपी आवश्यक. लवकर बरं होण्याचा खरा अर्थ मला इथे दिसतो. ही केमो ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. उशीर होत गेला की फायदा घटतो. जखम चिघळलेला, न्यूमोनिया झालेला, वजन आणखी उतरलेला रुग्ण त्या तारखेला तयार नसतो. सर्जरी नीट होऊनही उपचार अर्धवट राहतात ते असे.

काकूंनी डॉक्टरांना एकच विचारलं : पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाता येईल का? तारीख ऑपरेशनच्या सातव्या आठवड्यात पडत होती. केमोच्या डॉक्टरांनी कॅलेंडर बघून पहिला डोस यात्रेनंतर दोन दिवसांनी ठेवला, आठ आठवड्यांच्या आतच. केमो सुरू झाल्यावर गर्दी टाळावी लागते, त्यामुळे हा क्रम वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होता. काकू गाडीने गेल्या, दर्शनाला गर्दी कमी असेल अशा वेळी.

वॉर्डात काय बदललं

छापील कागद रद्द करून नवा केला. पॅरासिटामॉलच्या वेळा त्यावर आधीच छापल्या आहेत आणि “झोपेत असल्यास उठवून द्यावं” हे वाक्यही. ट्रॅमाडॉल लिहायचं असेल तर आधी भूलतज्ज्ञाला फोन. सलाईनच्या रकान्यात सुरू करण्याची वेळ असते तशी बंद करण्याची वेळ भरावीच लागते. सकाळचं वजन पानाच्या वर, ताप-नाडीच्या शेजारी. मुख्य राऊंड सकाळी असला तरी रात्री आठला पाळी बदलताना दुसरा, पाच मिनिटांचा, पलंगाजवळ उभं राहून होतो आणि त्यात रात्रीच्या सिस्टर योजना मोठ्याने वाचतात.

आणि रात्री थांबणाऱ्या नातेवाइकाच्या कागदावर वरच छापलंय : औषधाची वेळ टळली तर विचारा, उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा, तरीही नाही तर या नंबरवर फोन करा. ही सूचना रात्रीच्या सिस्टरनीच सुचवली, ज्यांनी काकूंना उठवलं नव्हतं त्यांनीच. पहिल्या आठवड्यात काही सहकाऱ्यांना हे आवडलं नाही. नातेवाईक डोक्यावर बसतील अशी भीती होती. तसं झालेलं नाही. बहुतेक जण एकदाच विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

सुटलेलं नाही ते आधीच्या तीन आठवड्यांचं. निफाडहून नाशिकला दुपारपर्यंत येऊन जाता येतं, घरात गाडी असते, फोन लागतो. सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यावरून येणाऱ्या रुग्णाला लोहाच्या सलाईनसाठी दोन वेळा बोलावणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणं, आणि रोजचा फोन तर रेंजअभावी लागतच नाही. रक्तक्षय आणि कुपोषण याच भागात जास्त, म्हणजे ज्याला तयारीची सगळ्यांत जास्त गरज त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. अशा रुग्णांना लोह त्यांच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच देता यावं आणि फोनऐवजी गावातल्या आशाताईंनी घरी जाऊन चौकशी करावी, यासाठी आम्ही तिथल्या डॉक्टरांशी बोलतो आहोत.